विश्लेषण : घड्याळात वेळ तीच, मग कोड ‘वेगळी’ का म्हणतो? सेकंदाच्या तुकड्याचे करायचे काय?

एमपीएससीच्या जाहिरातीत अर्जाची मुदत ‘२३.५९ वाजेपर्यंत’ अशी दिलेली असते. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाने ती वाचलेली असते. आता एक साधा प्रश्न. कोणी रात्री ११ वाजून ५९ मिनिटे २० सेकंदांनी ‘सबमिट’चे बटण दाबले, तर तो अर्ज वेळेत आला की उशिरा?

माणसाला विचाराल तर तो म्हणेल, वेळेत. फोनच्या कोपऱ्यात अजून ११:५९च दिसत आहेत ना! पण संगणकाला नुसते ‘२३:५९’ एवढेच सांगितले तर उरलेल्या जागा तो स्वतः शून्यांनी भरतो. त्याच्या दृष्टीने मुदत २३:५९:००.००० ला संपली आणि हा अर्ज २० सेकंद उशिरा आला. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण एवढीच, की ‘पर्यंत’ या शब्दात सेकंद मोजायचे की नाहीत, हे कोणीतरी कोड लिहिताना ठरवावे लागते. ते ठरवले नाही तर प्रोग्रामिंगची भाषा किंवा डेटाबेस तुमच्यासाठी परस्पर ठरवून टाकतो.

दोन तारखा किंवा दोन वेळा सारख्या आहेत का, हे तपासताना सेकंदाचे बारीक तुकडे बाजूला कसे ठेवायचे, हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. परीक्षेचा अर्ज, म्युच्युअल फंडाचा भाव, ३१ मार्चचा हिशेब, शेअर बाजारातली ऑर्डर, या सगळ्यांच्या मुळाशी तोच असतो.

संगणक वेळ कशी साठवतो?

बहुतेक संगणकांत वेळ म्हणजे एक मोठा आकडा असतो. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे जागतिक वेळेनुसार मध्यरात्र आणि आपल्याकडची पहाटेची साडेपाच, किती सेकंद उलटले त्याची ती मोजणी. याला युनिक्स टाइम म्हणतात. खरा गोंधळ सुरू होतो तो सेकंदाच्या पुढे किती बारीक मोजायचे यावरून.

जावास्क्रिप्ट मिलिसेकंदांत मोजते, म्हणजे सेकंदाचे एक हजार भाग. पोस्टग्रेस हा डेटाबेस मायक्रोसेकंदांपर्यंत जातो, म्हणजे दहा लाख भाग. जावामधली नवी वेळ नॅनोसेकंद साठवू शकते, म्हणजे शंभर कोटी भाग. ओरॅकलचा जुना ‘डेट’ प्रकार मात्र पूर्ण सेकंदाला थांबतो. मायएसक्यूएलमध्ये ‘डेटटाइम’ रकाना करताना काही सांगितले नाही, तर तोही पूर्ण सेकंदच ठेवतो.

एका साध्या अ‍ॅपमध्ये यातल्या तीन-चार गोष्टी एकत्र नांदत असतात. फोनवर जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर जावा, त्याच्या खाली मायएसक्यूएल. प्रत्येकाच्या हातात वेगळ्या मापाची पट्टी.

मग बिघडते कुठे?

कांदिवली पूर्वेला ठाकूर व्हिलेजमध्ये कोचिंग क्लासेसची कमतरता नाही. समजा, अशाच एका क्लासची ऑनलाइन चाचणी संध्याकाळी सहा वाजता संपते. एका मुलीने उत्तरपत्रिका पाठवली ती १८:००:००.४१२ ला, म्हणजे सहाच्या ठोक्यानंतर अर्ध्या सेकंदाच्याही आत. तिच्या फोनवर सहाच वाजलेले आहेत.

सर्व्हरने वेळ तपासली तेव्हा त्याच्याकडे मिलिसेकंद होते. त्याने ‘उशीर झाला’ असा संदेश पाठवला. नोंद डेटाबेसमध्ये गेली तिथे मात्र रकाना पूर्ण सेकंदाचा, त्यामुळे वेळ लिहिली गेली १८:००:००. दुसऱ्या दिवशी आई-बाबा क्लासमध्ये आले. सरांनी नोंद उघडली, तर तिच्यात बरोबर सहा! नियम ‘सहापर्यंत’ असा, नोंद सहाची, आणि निकाल मात्र ‘उशीर’. आता यात खोटे कोण बोलत आहे? कोणीच नाही. एकाच क्षणाची दोन मापे घेतली गेली आणि निर्णय एका मापाने, पुरावा दुसऱ्या मापाने ठेवला गेला.

प्रोग्रामरना रोज भेटणारा प्रकार याच जातीचा. आत्ताची वेळ घ्या, डेटाबेसमध्ये ठेवा, लगेच परत वाचा आणि विचारा, ‘दोन्ही सारख्या का?’ उत्तर येते, ‘नाही.’ जाताना शेपूट होते, येताना ते कापलेले होते.

जावाच्या नवव्या आवृत्तीपासून संगणकाचे घड्याळ पूर्वीपेक्षा बारीक वाचले जाऊ लागले. आधी मिलिसेकंदांवर थांबणारी वेळ पुढचे आकडेही देऊ लागली. वर्षानुवर्षे हिरवा दिवा दाखवणाऱ्या चाचण्या त्यामुळे अनेक ठिकाणी अचानक लाल झाल्या. कोडमधली एकही ओळ बदललेली नव्हती.

काही भाषांमध्ये याहून गमतीदार खोडी आहेत. जावास्क्रिप्टमध्ये अगदी त्याच मिलिसेकंदाच्या दोन ‘डेट’ वस्तू बनवून ‘बरोबर का?’ असे चिन्हाने विचारले तर उत्तर ‘नाही’च येते, कारण ती भाषा वेळ न पाहता ‘ही तीच वस्तू आहे का’ हे पाहते. लहान-मोठेपणा विचारला तर मात्र नीट सांगते. जावामध्ये जुनी ‘डेट’ आणि डेटाबेसकडून येणारा ‘टाइमस्टॅम्प’ यांची तुलना एका बाजूने ‘सारखे’ आणि उलट बाजूने ‘वेगळे’ असे उत्तर देऊ शकते. हे जावाच्या अधिकृत कागदपत्रांतच लिहून ठेवले आहे. म्हणजे राम श्यामसारखा आहे, पण श्याम रामसारखा नाही!

एक्सेलवाल्यांनीही हसू नये. एक्सेलमध्ये दिवस म्हणजे एक आणि वेळ म्हणजे त्याचा अपूर्णांक. दुपारचे तीन म्हणजे ०.६२५, हा आकडा नीट बसतो. सकाळचे दहा म्हणजे ०.४१६६६… हा कधी संपतच नाही. सकाळी नऊपासून दहा-दहा मिनिटे मिळवत रकाना खाली ओढत नेला, की दिसायला अगदी सारख्या असणाऱ्या दोन वेळा एक्सेल कधी कधी असमान ठरवते. हजेरीपत्रकात ‘वेळेवर’ आणि ‘उशिरा’ यांची गणती एखाद्याने का चुकते म्हणून डोके खाजवत बसावे, तर कारण हे निघते. उपाय सोपा आहे. दोन्ही आकड्यांना ८६,४०० ने, म्हणजे दिवसाच्या सेकंदांनी गुणायचे, पूर्णांकात गोल करायचे आणि मग तुलना करायची.

कापायचे, गोल करायचे की फरक मोजायचा?

सेकंदाचा तुकडा दुर्लक्षित करण्याचे तीन रस्ते आहेत. तिन्ही इंटरनेटवर ‘हेच करा’ म्हणून सापडतात आणि तिन्हींत खड्डे आहेत.

पहिला रस्ता कापण्याचा. सेकंदानंतरचे जे काही असेल ते टाकून द्यायचे. पायथॉनमध्ये मायक्रोसेकंदाच्या जागी शून्य ठेवतात, जावामध्ये वेळ ‘सेकंदापर्यंत छाटा’ अशी आज्ञा आहे, पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी वेगळे फंक्शन आहे. साधा, जलद, समजायला सोपा उपाय. अडचण सेकंदाच्या कडेवर येते. १०:१५:२९.९९९ आणि १०:१५:३०.००१ या दोन वेळांत फरक फक्त दोन मिलिसेकंदांचा. कापल्यावर एक २९ व्या सेकंदात पडली, दुसरी ३० व्या. कोड म्हणणार, वेगळ्या. उलट १०:१५:२९.००१ आणि १०:१५:२९.९९९ यांत जवळपास पूर्ण सेकंदाचे अंतर, पण कापल्यावर दोन्ही सारख्या! म्हणजे कापण्याने ‘जवळ आहेत का’ याचे उत्तर मिळत नाही, ‘एकाच डब्यात आहेत का’ याचे मिळते. लोकलमध्ये दोन डब्यांच्या मधल्या पत्र्याला दोन्हीकडून टेकून उभे असलेले दोघे एकमेकांच्या सर्वांत जवळ असतात, पण डबे वेगळे.

दुसरा रस्ता गोल करण्याचा. अर्ध्याच्या पुढे असेल तर वर, नाहीतर खाली. शाळेत शिकलेले असल्यामुळे हा रास्त वाटतो. वेळेच्या बाबतीत मात्र हा सर्वांत धोकादायक आहे, असे माझे मत. मायएसक्यूएलमध्ये पूर्ण सेकंदाच्या रकान्यात ३१ मार्च, २३:५९:५९.६ अशी वेळ टाकली, तर डेटाबेस ती मुकाट्याने गोल करतो आणि नोंद होते १ एप्रिल, ००:००:००. चार दशांश सेकंदांच्या ‘किरकोळ’ दुरुस्तीने दिवस बदलला, महिना बदलला आणि आर्थिक वर्षही बदलले. गोल करण्याऐवजी कापायला सांगणारी सेटिंग आता मायएसक्यूएलमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

तिसरा रस्ता फरक मोजण्याचा. दोन वेळांची वजाबाकी करायची, चिन्ह सोडून द्यायचे आणि फरक ठरलेल्या मर्यादेत, समजा एका सेकंदाच्या आत असेल तर ‘सारख्या’ म्हणायचे. ‘जवळ आहेत का’ या प्रश्नाचे खरे उत्तर हाच देतो. सॉफ्टवेअरच्या चाचण्यांमध्ये बहुतेक वेळा हाच वापरावा.

याचा खड्डा जरा आत आहे. कांदिवलीच्या एखाद्या टॉवरमधल्या गेटवरच्या अ‍ॅपचे उदाहरण घेऊ. डिलिव्हरीवाल्याने घाईत तीन वेळा बटण दाबले, नोंदी पडल्या ०, ०.८ आणि १.६ सेकंदांना. एका सेकंदाच्या आतल्या नोंदी एकच समजायच्या, असा नियम. मग पहिली आणि दुसरी एकच. दुसरी आणि तिसरी एकच. पण पहिली आणि तिसरी वेगळ्या. आता एकूण माणसे किती आली, एक की दोन? याचे उत्तर गणितात नाही. ‘अ म्हणजे ब, ब म्हणजे क, म्हणून अ म्हणजे क’ ही साखळी इथे तुटते. अशी तुलना याद्या क्रमाने लावायला वापरली, तर क्रम लावणारे प्रोग्राम गडबडतात. जावा तर काही वेळा ‘तुमची तुलना करार मोडते’ अशा अर्थाची तक्रार करून कामच थांबवते. म्हणून चाचणीत फरक मोजा. गट पाडायचे किंवा क्रम लावायचा असेल तर कापा आणि कडेवरचे प्रसंग स्वीकारा.

३१ मार्चची शेवटची रात्र

गोल करण्याचा विषय निघालाच आहे, तर वर्षअखेरच्या अहवालाबद्दल थोडे सविस्तर. ‘३१ मार्चपर्यंतचे सगळे व्यवहार दाखवा’ हे डेटाबेसला कसे सांगायचे?

नवखा प्रोग्रामर लिहितो, ‘३१ मार्चपर्यंत’. डेटाबेस शून्ये भरतो आणि ३१ तारखेच्या मध्यरात्रीच थांबतो. ३१ मार्चचा अख्खा दिवस, म्हणजे वर्षातला बहुधा सर्वांत गर्दीचा दिवस गायब. हे लगेच लक्षात येते, म्हणून तो ‘३१ मार्च, २३:५९:५९ पर्यंत’ असे बदलतो. आता त्या शेवटच्या सेकंदाच्या पोटात झालेले व्यवहार, २३:५९:५९.२ चे, .७ चे, निसटतात. मग कोणीतरी अनुभवी सांगतो, ‘.९९९ लाव.’

इथे मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची जुनी गोष्ट येते. त्याचा ‘डेटटाइम’ प्रकार सेकंदाचे तीनशे भाग करतो, त्यामुळे मिलिसेकंदांचा शेवटचा आकडा ०, ३ किंवा ७ एवढाच असू शकतो. .९९९ त्याला साठवताच येत नाही. तो जवळच्या आकड्याला गोल करतो आणि जवळचा आकडा असतो पुढच्या दिवसाचे ००:००:००.०००. म्हणजे मागच्या वर्षाच्या अहवालात १ एप्रिलच्या ठोक्यावर पडलेल्या नोंदी शिरतात. बऱ्याच यंत्रणा रात्री बारा वाजता आपोआप व्याज किंवा शुल्क लावतात. अशा नोंदींची वेळ नेमकी तीच असते.

यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे ‘पर्यंत’ हा शब्दच टाळणे. ‘१ एप्रिलची मध्यरात्र किंवा त्यानंतर आणि पुढच्या वर्षीच्या १ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या आधी’ असे सांगायचे. सुरुवात धरायची, शेवट धरायचा नाही. मग सेकंदाचे हजार तुकडे करा की शंभर कोटी, एकही नोंद निसटत नाही आणि एकही दोनदा मोजली जात नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एका छोट्या हस्तलिखित टिपणात आकड्यांच्या मालिकांसाठी अशाच मांडणीचा पुरस्कार केला होता. चाळीस वर्षे उलटून गेली तरी .९९९ लिहिणारे हात थांबलेले नाहीत.

जाता जाता एक व्यावहारिक बाब. डेटाबेसच्या रकान्यातल्या प्रत्येक वेळेचा सेकंद कापून मग तुलना करायला लावली, तर त्या रकान्याची अनुक्रमणिका सहसा निरुपयोगी होते आणि लाखो नोंदी एकेक करून तपासाव्या लागतात. दोन कडा देऊन ‘या मधले दे’ म्हटले की काम झटकन होते.

जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

सेकंद सोडा, अख्खी वेळच सोडून फक्त तारखांची तुलना करायची असेल तर? इथे भारतीय प्रोग्रामरांच्या नशिबी एक खास आकडा आहे, १८:३०.

अ‍ॅपमध्ये तुम्ही जन्मतारीख निवडता, १४ एप्रिल. फोन ती ‘१४ एप्रिल, रात्रीचे १२, भारतीय वेळ’ अशी धरतो. सर्व्हरकडे पाठवताना ती जागतिक वेळेत बदलली जाते आणि होते ‘१३ एप्रिल, १८:३०’. आता सर्व्हरवर कोणीतरी वेळेचा भाग कापून फक्त तारीख ठेवली, की उरते १३ एप्रिल. कापणे चूक नव्हते, कापण्याची जागा चुकली. आधी भारतीय वेळेत आणायचे आणि मग कापायचे, हा क्रम हवा होता. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळात भारतात घडणारी प्रत्येक गोष्ट जागतिक वेळेनुसार ‘काल’ घडते. पहाटे कांदिवलीहून सुटणाऱ्या पहिल्या लोकलसुद्धा त्यात आल्या.

एखाद्या कंपनीच्या लॉगमध्ये ओळीने १८:३०:०० दिसू लागले, की ही गडबड भारतात झाली आहे, हे जगातल्या कुठल्याही प्रोग्रामरला कळावे.

पंचांगाने हा प्रश्न आधीच सोडवलाय?

कापण्याची ही पद्धत आपल्या घरातल्या भिंतीवर टांगलेली असते. तिथी ही चंद्र-सूर्यातल्या अंतरावरून ठरते. ती साधारण २० तासांपासून जवळपास २७ तासांपर्यंत असू शकते आणि दिवसा-रात्री केव्हाही सुरू होते. व्यवहारात मात्र एका दिवसाला एकच नाव द्यावे लागते. त्यासाठी पंचांगाचा नियम असा, की सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. बाकीचे तास, मिनिटे सगळे कापले.

आणि कापण्याचे सगळे परिणाम तिथे दिसतात. एखादी तिथी सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपली तर ती कुठल्याच दिवसाच्या वाट्याला येत नाही. ती क्षय तिथी. एखादीने दोन सूर्योदय गाठले तर दोन दिवसांचे नाव तेच, ती वृद्धी तिथी. संगणकाच्या भाषेत एक नोंद निसटली आणि एक दोनदा मोजली गेली. पंचांगकर्त्यांनी त्याला चूक न म्हणता नावे दिली आणि त्या दिवशी काय करायचे याचे नियम लिहिले.

त्यातही सगळ्यांना एकच नियम लावला नाही. संकष्टी चतुर्थीला सूर्योदय न पाहता चंद्रोदयाला चतुर्थी आहे का, ते पाहतात. उपवास चंद्र पाहून सोडायचा असल्याने तुलनेचा क्षण तो. कशासाठी तुलना करतोय त्यावरून कुठे कापायचे ते ठरवायचे, हा निर्णय सोलापूरच्या दाते पंचांगात आणि १९७३ पासून घराघरात पोहोचलेल्या कालनिर्णयमध्ये वर्षानुवर्षे दिसतो. नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या साधारण वीस-पंचवीस मिनिटे आधी होतो. त्यामुळे काठावरची तिथी दोन शहरांत वेगळ्या दिवशी येऊ शकते. हा झाला पंचांगातला टाइमझोनचा प्रश्न.

बारीक मोजण्याचीही तयारी होती. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळे, पळाची ६० विपळे. घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचे आणि विपळ ०.४ सेकंदाचे, म्हणजे ४०० मिलिसेकंद. आपल्या ठाकूर व्हिलेजच्या मुलीला उशीर झाला तो जेमतेम एका विपळाचा.

मुंबईची ३९ मिनिटे आणि पायथॉनची २३

१ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ मिळाली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. त्याआधी मुंबईचे घड्याळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असे. मुंबईने नवी वेळ सहजासहजी घेतली नाही. शहरात ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून होता. तोवर दोन घड्याळांत ३९ मिनिटांचे अंतर सांभाळत लोक जगत होते. बैठकीची वेळ सांगताना ‘कुठल्या टाइमप्रमाणे?’ हे विचारावे लागे.

हा इतिहास संपलेला नाही, तो संगणकात शिरला आहे. आपल्या फोनमधला टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ या नावाने असतो आणि त्याच्या माहितीत १९०६ च्या आधीच्या वेळाही नोंदलेल्या आहेत. त्यातली सर्वांत जुनी कोलकात्याची स्थानिक वेळ, ग्रीनिचच्या ५ तास ५३ मिनिटे २८ सेकंद पुढे. पायथॉनमध्ये पायटीझेड नावाची जुनी, लोकप्रिय लायब्ररी आहे. तिच्यातून हा टाइमझोन घेऊन तारखेला थेट चिकटवला, तर साडेपाच तासांऐवजी ५ तास ५३ मिनिटे लागतात. २३ मिनिटांची तफावत! लायब्ररीच्या माहितीपत्रकात असे थेट चिकटवू नका, असा इशारा आहे, पण माहितीपत्रक वाचते कोण? आणि ते वरचे २८ सेकंद? तेही लायब्ररीने मिनिटात गोल करून टाकले आहेत.

तुकडा टाकलाच नाही पाहिजे, असे कुठे?

आतापर्यंत तुकडा टाकायचा कसा, एवढेच पाहिले. काही ठिकाणी तो टाकणे जीवघेणे ठरले आहे.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरान येथे इराकचे स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले, २८ जण ठार झाले. ते पाडण्यासाठी असलेली पॅट्रियट यंत्रणा चालू होती, पण तिने त्यावर मारा केला नाही. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होते आणि ०.१ हा आकडा दुहेरी पद्धतीत नेमका लिहिता येत नाही. २४ बिटांच्या जागेत शेपूट कापले जात होते. एका मोजणीत हा फरक नगण्य होता, पण यंत्रणा १०० तास सलग चालू राहिली होती आणि साचलेली चूक सुमारे ०.३४ सेकंद झाली होती. स्कडच्या वेगाने तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापले जाते. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिली.

यातला आपल्या विषयाचा भाग असा. या वेळेची आकडेमोड कोडमध्ये काही ठिकाणी सुधारून अधिक अचूक केली होती, सगळीकडे नाही. दोन्ही वेळा एकाच पद्धतीने कापल्या गेल्या असत्या, तर वजाबाकीत चूक बरीचशी कटली असती. एक कापलेली आणि एक बरी, अशा दोन वेळांची तुलना झाली. दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर धहरानला पोहोचले ते दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला.

मुंबईतले उदाहरण सुदैवाने फक्त पैशांचे आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या को-लोकेशन प्रकरणात प्रश्न सेकंदाच्या तुकड्यांचाच होता. बाजाराची माहिती दलालांच्या सर्व्हरना एकामागून एक पाठवली जात असे, त्यामुळे आधी जोडला गेलेला सर्व्हर ती इतरांच्या आधी पाहू शकत होता. सेकंदांत मोजले तर सगळ्यांना ती ‘एकाच वेळी’ मिळत होती. ‘सेबी’ने एप्रिल २०१९ मध्ये बाजाराला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द करून १०० कोटी रुपये भरण्यास सांगितले. दरम्यान, २०१४ पासून बाजाराने सर्वांना एकदम माहिती पाठवण्याची पद्धत आणली होती.

मग ‘तीन वाजेपर्यंत’ म्हणजे किती?

इक्विटी म्युच्युअल फंडात पैसे गुंतवताना त्या दिवशीचा भाव हवा असेल तर दुपारी तीनची मर्यादा असते. १ फेब्रुवारी २०२१ पासून अर्जासोबत पैसेही त्या वेळेआधी फंडाच्या हाती आलेले असावे लागतात. बाजार कोसळलेल्या दिवशी स्वस्तात घ्यायला निघालेल्या माणसासाठी तीनच्या अलीकडे की पलीकडे, यावर भाव ठरतो. तुमच्या फोनवरचे २:५९ यात कामाचे नाही. फोनचे घड्याळ, बँकेचे घड्याळ आणि फंडाचे घड्याळ वेगळे असते आणि पैसे पोहोचायला लागणारा वेळ त्यात मिळवावा लागतो.

ही घड्याळे जुळावीत म्हणून सरकारी प्रयत्न आहेत. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितले. देशाची प्रमाणवेळ हीच प्रयोगशाळा सांभाळते. तरीही इंटरनेटवरून जुळवलेल्या दोन घड्याळांत काही मिलिसेकंदांची तफावत राहतेच. दोन वेगळ्या यंत्रांवरच्या वेळांची मिलिसेकंदापर्यंत तुलना करून ‘आधी कोण’ हे ठरवणे म्हणूनच फारसे अर्थपूर्ण नसते. गुगलने आपल्या स्पॅनर या डेटाबेसमध्ये हे उघडपणे मान्य केले. तिथे घड्याळ एक क्षण न सांगता ‘या क्षणापासून त्या क्षणापर्यंत कुठेतरी’ असा पट्टा सांगते. दोन पट्टे एकमेकांवर येत असतील तर आधी कोण हे डेटाबेस ठरवत नाही, आणि असा घोळ होऊ नये म्हणून नोंद पक्की करण्याआधी तो पट्टा सरेपर्यंत थांबतो.

शेअर बाजाराने एका ठिकाणी वेगळीच युक्ती केली आहे. रोजचा व्यवहार सव्वानऊला सुरू होण्याआधी ९ ते ९:०८ या वेळात सुरुवातीचा भाव ठरवण्यासाठी ऑर्डर घेतल्या जातात. शेवटच्या मिलिसेकंदाला ऑर्डर टाकून किंवा मागे घेऊन भाव हलवण्याचा मोह होऊ नये, यासाठी ही खिडकी ठोक्यावर बंद होत नाही. ९:०७ ते ९:०८ या मिनिटात ती कधीही बंद होते. नेमकी केव्हा, ते रोज वेगळे आणि आधी कोणालाच ठाऊक नसते.